अपघातांची खतावणी

महाराष्ट्रात ‘व्होल्वो’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बस. दादर-पुणे शिवनेरी किंवा रात्री सुटून सकाळी गावी पोचवणारी खासगी एसी गाडी. ती बस दुसऱ्याच कंपनीची असली तरी लोक तिला व्होल्वोच म्हणतात. त्याच नावाची मोटार मात्र आपल्या रस्त्यांवर क्वचित दिसते. २००७ मध्ये ती भारतात आली आणि किमतीमुळे मूठभरांपुरतीच राहिली. बस-ट्रकवाली व्होल्वो आणि मोटारवाली व्होल्वो या १९९९ पासून दोन वेगळ्या कंपन्या आहेत, हेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. जगभर या मोटारीचा लौकिक सुरक्षिततेसाठी आहे. तो कशामुळे, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: स्वीडनचं पोलाद, जाड पत्रा, रणगाड्यासारखी बांधणी. हे उत्तर पटण्यासारखं नाही. पोलाद पैसे मोजून कोणालाही मिळतं, आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकी गाड्या व्होल्वोपेक्षा कितीतरी वजनदार होत्या. व्होल्वोजवळ इतरांपेक्षा वेगळं काही होतं, तर ती स्वतःच्या गाड्यांच्या अपघातांची वर्षानुवर्षं भरलेली खतावणी. कुठली गाडी, किती वेगात, कशावर आदळली, आत कोण कुठे बसलं होतं आणि कुणाला काय लागलं, याचा हिशेब. पत्रा, पट्टा, एअरबॅग हे सगळं त्या हिशेबातून मागाहून आलं.

कंपनी सुरू झाली तेव्हा असा हिशेब अर्थातच नव्हता. आसार गाब्रिएलसन हा विक्रीतला माणूस आणि गुस्ताफ लार्सन हा इंजिनिअर, या दोघांनी एसकेएफ या बॉल-बेअरिंग कंपनीच्या पाठबळावर गोथेनबर्ग शहरात हा उद्योग मांडला. १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली गाडी कारखान्याबाहेर काढायची होती, आणि मागच्या ॲक्सलमधला गिअर चुकीचा बसल्यामुळे ती पुढे जाण्याऐवजी मागे गेली, अशी हकीगत स्वीडनमध्ये आजही चवीनं सांगतात. खडबडीत रस्ते आणि बर्फ यांना पुरून उरेल अशी गाडी करायची, एवढीच तेव्हाची महत्त्वाकांक्षा. १९४४ मध्ये दाखवलेल्या पीव्ही ४४४ या मॉडेलला पुढची काच दोन थरांची, फुटली तरी धारदार तुकडे न उडणारी होती. पण खरं वळण मला वाटतं १९५४ मध्ये आलं, आणि ते इंजिनिअरांच्या नव्हे, विक्रीखात्याच्या डोक्यातून. नव्या गाडीवर पाच वर्षांची हमी जाहीर झाली, आणि त्या हमीत अपघातानं गाडीचं होणारं नुकसानही धरलं होतं. विमा कंपन्या खवळल्या, हा तर आमचा धंदा म्हणून वाद कोर्टात गेला, आणि पुढे व्होल्विया नावाची विमा कंपनीच उभी राहिली. गिऱ्हाईक खूश झालं ते झालंच, पण एक न ठरवलेली गोष्टही घडली. रस्त्यावर ठोकलेल्या गाडीचा खर्च आता कारखान्याच्या माथी येत होता, त्यामुळे प्रत्येक ठोकरीचा कागद कारखान्यापर्यंत पोचू लागला. इतर कंपन्यांच्या दृष्टीनं गाडी शोरूमबाहेर पडली की संबंध संपत होता.

१९५८ मध्ये नील्स बोलिन हा इंजिनिअर व्होल्वोत आला. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांची इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसनं, बनवत असे. वैमानिक जिवासाठी कितीही पट्टे आवळून घेतात, पण गाडीतला साधा माणूस मिनिटभराचाही त्रास सहन करत नाही, हे त्यानं पहिल्यांदा ओळखलं. तेव्हा मिळणारे पट्टे दोन तऱ्हांचे होते. एक नुसता कमरेचा. धडकेत शरीर त्याच्यावरून घडी पडल्यासारखं पुढे वाकायचं आणि डोकं स्टिअरिंगवर आपटायचं. दुसरा खांद्यांवरून येऊन पोटावर बकल लागणारा; धडकेच्या क्षणी ते बकलच पोटात घुसायचं. बोलिननं बकल पोटावरून काढून सीटच्या शेजारी, कमरेच्या खाली नेलं. एक पट्टा छातीवरून तिरपा, दुसरा मांड्यांच्या वर ओटीपोटाच्या हाडावरून आडवा, आणि दोन्ही त्या एकाच बिंदूत जखडलेले, म्हणजे टोक जमिनीकडे असलेलं त्रिकोणी रूप. धक्क्याचा भार बरगड्या आणि कटीचं हाड या शरीरातल्या भक्कम जागांवर पडतो, पट्टा घसरत नाही आणि एका हातानं लावता येतो. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्तियानस्ताद इथल्या विक्रेत्याकडे पोचली. पेटंट घेतलं, पण ते वापरायला सगळ्या कंपन्यांना मुभा दिली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. तीन बिंदूंचा पट्टा बोलिनच्या आधीही होता. अमेरिकेत ग्रिसवोल्ड आणि डीहेवन यांना १९५५ मध्येच तशा पट्ट्याचं पेटंट मिळालं होतं, आणि स्वीडनच्या वाटेनफाल या सरकारी वीज कंपनीतले इंजिनिअर आपले कर्मचारी रस्त्यावर मरतात म्हणून पट्ट्यांचे प्रयोग करत होते. व्होल्वोचं लक्ष त्यांनीच या विषयाकडे वळवलं. म्हणजे ‘व्होल्वोनं सीट बेल्टचा शोध लावला’ हे वाक्य जाहिरातीपुरतं ठीक. कंपनीचं श्रेय दुसरीकडे आहे. तिनं पट्टा मागाल तर मिळेल अशा यादीत न ठेवता गाडीतच बसवून दिला, आणि मग तो चालतो का हे मोजलं. १९६७ मध्ये बोलिननं अमेरिकेत जो अहवाल मांडला तो स्वीडनमधल्या व्होल्वोंच्या २८,००० अपघातांचा होता. पट्टा न लावलेली माणसं ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ९५ किलोमीटरच्या खाली एकही नाही. हा आकडा नसता तर पट्टा ही एका कंपनीची लहर ठरली असती. कायदे करणाऱ्यांना हाती धरायला पुरावा मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० मध्ये पट्टा सक्तीचा केला, खुद्द स्वीडननं पुढच्या सीटसाठी १९७५ मध्ये.

१९७० मध्ये कंपनीनं या कामासाठी कायमचं पथकच नेमलं. गोथेनबर्गच्या पंचक्रोशीत व्होल्वोला मोठा अपघात झाल्याची वर्दी आली की पथकातली माणसं, दिवस असो की रात्र, घटनास्थळी जातात. रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा, चेपलेल्या पत्र्याची खोली, पट्टा ताणल्याच्या खुणा हे सगळं मोजून लिहिलं जातं. पोलिसांचे कागद आणि प्रवाशांच्या संमतीनं दवाखान्याचे कागद जोडले जातात. गाडीतल्या माणसांना प्रश्नावली जाते. २०१९ पर्यंत या नोंदी चाळीस हजारांवर गाड्या आणि सत्तर हजारांवर माणसांच्या झाल्या होत्या. बाजूनं बसलेल्या धडकेत दाराचा पत्रा हाताच्या अंतरावर असतो हे त्यातूनच ठळक झालं आणि १९९१ मध्ये ८५० मॉडेलमध्ये धक्का जमिनीकडे, छताकडे, पलीकडच्या बाजूकडे वाटून देणारी बांधणी आली. १९९४ मध्ये बाजूची एअरबॅग, जगात पहिल्यांदा. मागून बसलेल्या मामुली धडकेतही मान दुखावते आणि ती बायकांची जास्त, हे नोंदींत दिसत होतं. १९९८ मध्ये धडकेसरशी प्रवाशाला सांभाळत मागे जाणारी सीट आली. चाचण्यांतला पुतळा तेव्हा सरसकट मध्यम बांध्याच्या पुरुषाचा असे, त्यामुळे नुसत्या प्रयोगशाळेवर विसंबलेल्यांना ही गोष्ट दिसणं अवघड होतं.

आता मालकांचे अनुभव. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या अर्व गॉर्डन या विज्ञानशिक्षकानं १९६६ मध्ये लाल पी १८०० विकत घेतली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिच्यावर तीस लाख मैल पुरे केले, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. एकाच मालकानं एकाच गाडीवर केलेला हा गिनीज विक्रम आहे. पण ती कहाणी टिकाऊपणाची आणि वेळेवर तेल बदलणाऱ्या माणसाची. सुरक्षिततेबद्दल ती फारसं काही सांगत नाही. त्याहून भावणारी गोष्ट म्हणजे कंपनीनं अमेरिकेत चालवलेला ‘व्होल्वोमुळे वाचलो’ अशा अर्थाच्या नावाचा क्लब. चेंदामेंदा झालेली गाडी आणि तिच्यातून चालत बाहेर आलेलं कुटुंब, अशी पत्रं तिथे जमत. ही पत्रं खोटी म्हणण्याचं कारण नाही. तरी पुरावा म्हणून ती लंगडी आहेत, कारण जे वाचले नाहीत त्यांना पत्र लिहिता येत नाही. शिवाय व्होल्वो घेणारा माणूस बहुधा मुलाबाळांचा, मध्यमवयीन, जपून चालवणारा. तो कुठल्याही गाडीत वाचला असता, असा संशय राहतोच. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०१५ मध्ये चालकांच्या मृत्यूंचे आकडे काढले तेव्हा शून्य मृत्यूंच्या यादीत व्होल्वोची एक्ससी ९० होती खरी, पण तिच्यासोबत आणखी आठ मॉडेल होती, त्यांत टोयोटा, होंडा, किया, सुबारूही. मालकांच्या भरवशावर व्होल्वोचं वेगळेपण सिद्ध होत नाही.

ते सिद्ध होतं २०१२ च्या एका चाचणीत. त्याच संस्थेनं तेव्हा नवा प्रकार काढला: गाडीच्या पुढच्या भागाचा फक्त कडेचा पाव हिस्सा ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवायचा. रस्त्यावर झाड किंवा खांब असाच कडेला लागतो आणि इंजिनासमोरचा मजबूत सांगाडा कामी न येता चाक थेट पायांकडे ढकललं जातं. अकरा महागड्या गाड्यांपैकी उत्तम ठरल्या दोनच, ॲक्युरा टीएल आणि व्होल्वो एस ६०. मर्सिडीज, ऑडी आणि लेक्सस यांच्या गाड्या खालच्या श्रेणीत गेल्या, आणि त्या काही पातळ पत्र्याच्या नव्हत्या. फरक एवढाच की व्होल्वोवाले आपल्या नोंदींत दिसलेली असली धडक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आपणहून तपासत होते. अडथळ्याला चालकाचं वय कळत नाही, तो जपून चालवतो की नाही हेही कळत नाही. म्हणून सावध मालकांचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

कंपनीची प्रतिमा आणि तिचं काम या दोन गोष्टी एक मानल्या की काय होतं, तेही याच इतिहासात आहे. १९९० मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला व्होल्वोची एक जाहिरात चित्रित झाली: राक्षसी चाकांचा ट्रक गाड्यांच्या रांगेवरून जातो, बाकी सगळ्यांची छपरं बसतात, व्होल्वोचं मात्र शाबूत. मागाहून उघड झालं की व्होल्वोच्या छपराला आतून टेकू दिले होते आणि इतर गाड्यांचे खांब कापून ठेवले होते. टेक्ससच्या ॲटर्नी जनरलनं प्रकरण लावून धरलं, जाहिरात मागे घ्यावी लागली, जाहिरात संस्थेनं खातं सोडलं, दंडही झाला. या जाहिरातीनं विकायला काढलेली सुरक्षितता नेमकी रणगाड्याची होती, म्हणजे गाडीनं न चेपण्याची. कंपनीचे स्वतःचे अभियंते एव्हाना उलट सांगत होते: गाडीचं नाक ठरवून चेपलं पाहिजे, त्यातच धक्का जिरतो, न चेपणारा हवा तो माणसं बसतात तेवढा पिंजरा.

मालकी दोनदा बदलली, १९९९ मध्ये फोर्डकडे आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीकडे, आणि दोन्ही वेळा आता स्वीडिश शिस्त बुडणार अशी भाकितं झाली. मला त्यात फारसं तथ्य दिसत नाही. २०१२ ची ती चाचणी जीलीच्या मालकीत झाली, गाडी फोर्डच्या काळात आखलेली होती, आणि पथक गोथेनबर्गलाच राहिलं. जास्त गंभीर प्रश्न २०२० सालाचा आहे. त्या सालापर्यंत नव्या व्होल्वोत कुणी मरणार नाही की गंभीर जखमी होणार नाही, असं ध्येय कंपनीनं आधी जाहीर केलं होतं. ते गाठलं गेलं नाही. वेग, नशा आणि लक्ष विचलित होणं या तिघांपुढे यंत्र अपुरं पडतं असं सांगत कंपनीनं आपल्या सगळ्या नव्या गाड्यांचा वेग ताशी १८० वर बांधला. पैसे मोजून घेतलेली गाडी आम्हाला वेग शिकवते, ही मालकांची तक्रारही त्याबरोबर आली. आणि त्याच वर्षी जुलैत एकवीस लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पुढच्या सीट बेल्टला जोडलेली पोलादी तार काळानुसार झिजू शकत होती. सीट बेल्टवर नाव कमावलेल्या कंपनीची सीट बेल्टमध्येच चूक, याच्यावर टीकाकार हसले. त्या दोषामुळे कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, असं कंपनीनं सांगितलं. तरीही २००६ पासूनच्या गाड्या तिनं बोलावल्या. माणसं मेल्यावर हालचाल करणाऱ्या मोटारधंद्यात हे कमी नाही.

आता एअरबॅग आणि पंचतारांकित चाचण्या सर्वांकडे आल्यावर व्होल्वोजवळ वेगळं काय उरलं, हा शेवटचा आक्षेप. विक्रीच्या दृष्टीनं तो बिनतोड आहे. पट्टा वाटून टाकला, २०१९ मध्ये संशोधनाचे शंभरावर निबंध खुले केले, आणि नव्या विद्युत गाड्यांत मालकांचा वैताग धडकेपेक्षा सॉफ्टवेअरचा असतो. पण पद्धत मात्र आजही दुर्मीळच आहे, आणि तिची गरज सर्वांत जास्त आपल्याकडे आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतली १६,७१५ सीट बेल्ट न लावलेली होती, आणि त्यांत प्रवासी जवळपास चालकांइतकेच. पट्टा न लावता त्याचा बझर गप्प करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन इतक्या खपत होत्या की २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश काढावा लागला. अपघाताची नोंद मोबाइलवर जागच्या जागी करण्याची केंद्राची योजना सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्रालाही लागू झाली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर २०१६ पासून एकेका अपघाताची जागा पाहून, उघडे खांब, तुटके कठडे आणि कडेला थांबलेले ट्रक यांची यादी करून दुरुस्त्या झाल्या. त्या वर्षी तिथे १५१ बळी गेले होते. पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्या खाली आला, आणि त्या रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच होत्या.