नाताळच्या आठवड्यातली दाटी

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये फादर पांढऱ्या किंवा सोनेरी वस्त्रांत मिस्सा करतात. दुसऱ्या दिवशी गोठा तसाच सजलेला असतो, चांदणीही लटकत असते, पण वेदीवरच्या फादरांच्या अंगावर लाल वस्त्र असते. लाल हा हुतात्म्यांचा रंग. बाळ येशूच्या जन्माचा आनंद जेमतेम एक दिवस झाला, तोच ख्रिस्तसभा दगडांनी मारल्या गेलेल्या संत स्टीफन यांचे स्मरण करते. हे असे का, ते समजायला संतांच्या तारखा मुळात कशा ठरतात हे पाहावे लागते.

मूळ नियम साधा आहे. संताचा सण शक्यतो त्याच्या मृत्यूच्या दिवशी. ख्रिस्ती श्रद्धेत तो त्याचा स्वर्गातला जन्म. वारकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तुकाराम बीज काय किंवा आळंदीचा समाधी सोहळा काय, दोन्ही संतांच्या जाण्याचेच दिवस. पृथ्वीवरच्या जन्माचे दिवस कॅथलिक पंचांगात तिघांचेच आहेत: स्वतः येशू, २४ जूनला बाप्तिस्मा देणारे योहान आणि ८ सप्टेंबरला मारिया. वांद्र्याची मोत माउलीची जत्रा भरते ती या ८ सप्टेंबरच्या आधारानेच.

नियम साधा असला तरी डिसेंबरअखेरीस तो ताणला जातो. पोलंडचे संत योहान कांती १४७३ साली क्राकोत वारले ते २४ डिसेंबरला. त्या दिवशी सगळे लक्ष रात्रीच्या मिस्सेकडे. म्हणून त्यांचे स्मरण आदल्या दिवशी, २३ ला होते. २१ डिसेंबर ही तारीख शतकानुशतके प्रेषित संत थॉमस यांची होती. १९६९ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात पंचांग नव्याने लावले, तेव्हा नाताळआधीचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवायचा म्हणून थॉमस ३ जुलैला गेले. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत त्यांचा सण ३ जुलैलाच होत आला आहे, त्यामुळे हा बदल भारताच्या वाटेने झाला म्हणायला हरकत नाही. रिकामी झालेली २१ तारीख मिळाली संत पीटर कॅनिसियस यांना, कारण ते १५९७ साली नेमके त्याच दिवशी वारले होते. मात्र त्यांचे स्मरण ऐच्छिक.

२६, २७ आणि २८ डिसेंबर हे तीन दिवस मात्र मृत्यूच्या नियमात बसत नाहीत. स्टीफन कोणत्या तारखेला मारले गेले हे बायबल सांगत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एवढेच येते की विधवांच्या रोजच्या वाटपाची व्यवस्था पाहायला निवडलेल्या सात जणांपैकी ते एक होते, आणि यरुशलेमबाहेर त्यांना दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांचे कपडे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवले होते. हाच शौल पुढे संत पौल झाला. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी नाताळामागोमाग येणाऱ्या संतांची नावे घेतात, त्यांत स्टीफन पहिले आहेत आणि योहानही आहेत. म्हणजे ही मंडळी इथे मानाच्या सोबत्यांसारखी बसवलेली आहेत.

मध्ययुगात या क्रमाला एक सुबक अर्थ दिला गेला. स्टीफन मनानेही हुतात्मे आणि देहानेही. २७ तारखेचे प्रेषित योहान मनाने तयार होते, पण परंपरेप्रमाणे म्हातारपणी अंथरुणावर वारले, म्हणून त्यांच्या दिवशी वस्त्र पांढरे. २८ तारखेची बेथलेहेमची निष्पाप बालके देहाने हुतात्मे. त्यांच्या मनाला कोणी विचारलेच नव्हते. अर्थ सुंदर आहे, पण माझ्या मते तारखा आधी आल्या आणि अर्थ मागून.

या बालकांची हकीकत फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. हेरोद राजाने दोन वर्षांच्या आतले मुलगे मारायला लावले, असे तो सांगतो. आकडा देत नाही. पुढच्या काळातल्या परंपरांनी तो हजारोंवर नेला. बेथलेहेम तेव्हा छोटेसे गाव होते, तेव्हा हे आकडे खरे असणे शक्य नाही. हेरोदाची क्रूर कृत्ये तपशीलाने लिहिणारा ज्यू इतिहासकार जोसिफसही या घटनेबद्दल गप्प आहे. स्पेनमध्ये मात्र हाच दिवस एकमेकांना फसवून टर उडवण्याचा, आपल्या एक एप्रिलसारखा.

२९ तारखेला नियम पुन्हा जागेवर येतो. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट ११७० साली याच दिवशी आपल्या कॅथेड्रलमध्ये मारले गेले. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचे ते आधी चान्सलर आणि जिवलग मित्र. चर्च आपल्या मुठीत राहील या हिशेबाने राजाने ११६२ साली त्यांना आर्चबिशप केले आणि हिशेब चुकला. गुन्हेगार पाद्र्यांना शिक्षा कोणी द्यायची, राजाने की चर्चने, या मुद्द्यावर दोघे भांडले. बेकेट सहा वर्षे फ्रान्समध्ये परागंदा राहिले आणि परतल्यावर महिन्याभरात चार सरदारांनी त्यांना तलवारीने मारले. तीन वर्षांच्या आत, ११७३ साली, ते संत घोषित झाले. पुढच्या वर्षी राजाने त्यांच्या कबरीशी येऊन पाठीवर फटके घेतले. १५३८ साली आठव्या हेन्रीने ते समाधिस्थान उद्ध्वस्त केले.

एवढ्या नाट्यमय संताला त्याच्या दिवशी मिळते काय? जगभरच्या पंचांगात बहुतेक ठिकाणी एक प्रार्थना. सणांना दर्जे असतात: महासण, सण, स्मरणदिन आणि ऐच्छिक स्मरणदिन. नाताळ एका दिवसात संपत नाही, तो १ जानेवारीपर्यंत आठ दिवस चालतो. या आठवड्यात स्मरणदिनाला स्वतःची मिस्सा मिळत नाही. फादरांची इच्छा असेल तर मिस्सेच्या सुरुवातीची प्रार्थना त्या संताची घेता येते, इतकेच. बेकेट यांचा दर्जा ऐच्छिक स्मरणदिनाचा. ३१ तारखेच्या पोप सिल्व्हेस्टर यांचेही तसेच. ते ३३५ साली वारले. जर्मनी आणि पोलंडमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्रीला त्यांचेच नाव आहे, पण फटाके उडवणाऱ्यांना पोप आठवत असतील असे वाटत नाही.

शेवटचा अडसर रविवारचा. नाताळानंतरचा रविवार येशू, मारिया आणि योसेफ यांच्या पवित्र कुटुंबाचा, आणि त्यापुढे त्या तारखेचा संत मागे पडतो. नाताळच रविवारी आला तर हा सण ३० तारखेला जातो. २०२५ साली रविवारी २८ तारीख होती, म्हणून बालकांचा सण झाला नाही. २०२६ मध्ये पाळी योहान यांची, २०२७ मध्ये स्टीफन यांची. २०२८ साली रविवार ३१ ला आहे. तिन्ही सण होतील, फक्त सिल्व्हेस्टर यांची ती एक प्रार्थनाही जाईल.