आडव्या फलकाची दोरी

जिल्ह्याच्या नावातील बदल ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि कचेऱ्यांच्या पाट्यांपासून शाळांच्या शिक्क्यांपर्यंत अक्षरे बदलणे प्राप्त झाले. अशा कामाला अवधी लागतो, आणि तो समजण्यासारखा आहे. रस्त्यावर आडव्या टांगल्या जाणाऱ्या फलकांना मात्र असा अवधी लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर एक शब्द बदलला की थोड्याच वेळात वीस फुटांचा फलक छापून हाती येतो आणि त्याच रात्री तो चौकात चढतो. ही चपळाई हेच आजच्या फलकाचे सामर्थ्य आहे. आणि त्याच्यापासून होणाऱ्या उपद्रवाचे मूळही तीच आहे.

छापील फलक येण्यापूर्वी फलक हा पेंटरच्या हातचा असे. मांजरपाट फाडून ते शिंप्याकडे जाई. वर आणि खाली नेफा शिवला जाई, कारण दोर त्यातूनच ओवायचा असे. मग कापड भिंतीवर ताणून खडूत घोळलेल्या सुताने रेघा उमटवल्या जात. 'हार्दिक' या शब्दातील रफार आणि वेलांटी वरच्या रेघेत बसतात की नाही, हे आधीच पाहावे लागे. कापडावर एकदा लागलेला रंग पुसता येत नसे. अक्षर जितके अधिक तितका रंग अधिक आणि मजुरीही अधिक, म्हणून मजकूर आपोआप आटोपशीर होई. सभेचा दिवस, वेळ, स्थळ आणि वक्त्याचे नाव एवढ्यावर फलक थांबे. त्या काळी लोकांची अभिरुची फार उच्च होती, अशातला भाग नाही. चेहरा रंगवून घेणे महाग पडे, एवढेच.

या खर्चाचा दुसरा एक परिणाम होता, आणि तो अधिक महत्त्वाचा होता. कार्यक्रम संपला की फलक उतरवला जाई. कापडाला किंमत होती. मागच्या बाजूने ते पुन्हा रंगवता येई, नाहीतर त्याच्या पिशव्या शिवता येत, आणि निदान फडकी तरी होत. ज्याने पदरचे पैसे घातले तोच दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन येई. नगरपालिकेच्या कोणत्याही नियमापेक्षा हा नियम अधिक चोख पाळला जाई, कारण तो मालकाच्या खिशात लिहिलेला होता.

फ्लेक्सने हा हिशेब उलटा केला. पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर चढवलेले हे पत्र्यासारखे गुळगुळीत कापड चौरस फुटाच्या दराने छापून मिळते. त्यावर चार अक्षरे छापा की चाळीस चेहरे छापा, दर तोच. साहजिकच चेहरे वाढले. मध्यभागी उत्सवमूर्ती आणि तिच्याभोवती 'शुभेच्छुक' म्हणून दाटीवाटीने बसवलेली दहा-वीस छायाचित्रे, ही रचना आता इतकी रूढ झाली आहे की शुभेच्छा नेमक्या कोणाला आणि कोणाच्या, हे वाचणाऱ्याला शोधावे लागते. उतरवलेल्या फ्लेक्सचा उपयोग नाही असे नाही. कांद्याच्या ढिगावर, गोठ्याच्या छपरावर पुढाऱ्यांचे चेहरे उलटे-सुलटे पसरलेले जिल्ह्यात कोठेही दिसतात, आणि पावसापासून ते कांद्याचे रक्षण इमानाने करतात. पण हा उपयोग शेतकऱ्याचा. फलक लावणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत कार्यक्रमाबरोबरच संपलेली असते.

फलकावरील मजकुराची चर्चा पुष्कळ होते. दोरीची होत नाही. वस्तुतः धोका दोरीत असतो. वीस फूट लांब आणि चार फूट उंच फ्लेक्सचे वजन दोन-अडीच किलोच भरते, त्यामुळे तो बांधणाऱ्याला ते काम क्षुल्लक वाटते. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर अशा ताणून बांधलेल्या फलकावर सुमारे ८५ ते ९० किलो वजनाइतका दाब येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. त्यातही दोरी जितकी ताठ, तितकी खांबावरील ओढ अधिक. रस्त्याच्या रुंदीच्या विसाव्या हिश्शाइतकाच बाक दोरीला राहिला, तर प्रत्येक बाजूच्या आधारावर त्या दाबाच्या अडीचपट ओढ बसते. फलक टवटवीत दिसावा म्हणून दोरी ताठ ओढण्याची जी हौस असते, ती अशी अंगाशी येते. पूर्वीचे पेंटर कापडाला अर्धचंद्राकृती चिरा देत, त्यातून थोडाफार वारा निसटे. फ्लेक्सवर चिरा द्यायच्या तर कोणाच्या तरी चेहऱ्यावर द्याव्या लागतील!

हा धोका काल्पनिक नाही. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत एका माजी नगरसेवकाच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरून जाणाऱ्या २३ वर्षांच्या अभियंता तरुणीवर पडला, तिचा तोल गेला आणि मागून येणाऱ्या टँकरखाली तिचा अंत झाला. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेला फलक लोखंडी सांगाड्याचा आणि अवाढव्य होता. तेथे १७ माणसे दगावली. आकार निराळे, पण वाऱ्याचा हिशेब न करण्याची बेफिकिरी एकच. आपल्या जिल्ह्यात तर फलकांचा एक मोठा मोसम वळवाच्या तोंडावरच येतो. चौंडीच्या कन्या अहिल्यादेवी यांची जयंती ३१ मे रोजी असते; २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी देशभर घाट आणि विहिरी बांधून वाटसरूंची सोय पाहिली, त्यांच्या नावाचा फलक वाटसरूच्या अंगावर पडू नये, एवढी दक्षता तरी घ्यावयास हवी.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम २४४ खाली 'आकाशचिन्हां'ना लेखी परवानगीची अट आहे. आभाळाच्या पार्श्वभूमीवर रस्त्यावरून दिसणारी, खांबाला बांधलेली जाहिरात असा त्या सुंदर शब्दाचा रुक्ष अर्थ. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निर्णय दिला. तरीही चौक फलकांनी भरतात. दोन हजारांचा दंड १९९५ साली ज्याला जड वाटला असता, त्याला आज तो छपाईच्या खर्चातच धरता येतो.

फलकच नकोत, असे म्हणणारेही आहेत. ते म्हणणे एकांगी आहे. पंढरपूरला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरातून जाते तेव्हा स्वागताचा एखादा फलक, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा किंवा रक्तदान शिबिराचा फलक, ही गावाच्या बोलण्याची रीतच आहे. ज्या संस्थेपाशी वर्तमानपत्रात जाहिरात देण्याइतके पैसे नाहीत, तिला रस्त्याचा आधार घ्यावा लागतो. कापडाची किंमत जे काम करीत असे, ते आता परवान्याने करावयाचे आहे. परवान्याबरोबर फलकाच्या किमतीहून मोठी अनामत घ्यावी आणि फलक दोरीसकट उतरवल्यावरच ती परत द्यावी. परवान्याचा क्रमांक आणि अखेरची तारीख चेहऱ्यांइतक्याच ठळक अक्षरांत फलकावर छापलेली असावी. ती नसेल तर छापखान्याने काम घेऊ नये. विजेच्या खांबाला दोरी बांधू देऊ नये. शहरातील पुलांखाली वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवण्याचा दंडक आहे, तो दोरीलाही लागू करावा. प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखानदारी रुजलेल्या या जिल्ह्यात गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या किती उंच भरून येतात, हे कोणास सांगावयास नको. आणि परवान्यावर संस्थेच्या अध्यक्षाबरोबर प्रत्यक्ष शिडीवर चढणाऱ्या माणसाचेही नाव असावे, त्याची मजुरी फलक चढवण्याची आणि उतरवण्याची मिळून एकदम ठरलेली असावी. आज ती बहुधा चढवण्याचीच ठरते.