फुफ्फुसाचा विकार, हृदयाची साक्ष
(दोहा येथील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



कतारमध्ये वाळूचे वारे सुटले की, धूम्रपानाने वा धुळीतील कामाने ज्यांची फुफ्फुसे आधीच क्षीण झाली आहेत, त्यांचा श्वास अधिकच कोंडतो. या जुनाट विकारास सी.ओ.पी.डी. म्हणतात. तो उफाळला असता रुग्णालयात औषधाची वाफ, स्टेरॉइड व प्राणवायू देतात. दोन-तीन दिवसांत बरे वाटते आणि रुग्ण घरी जाण्याची घाई करू लागतो. येथील प्रयोगशाळेत काम करताना नातेवाइकांनी मला वारंवार विचारले आहे, "आजार फुफ्फुसाचा, मग रक्ततपासणी हृदयाची कशासाठी?"

याचे उत्तर असे. प्राणवायू घटला की फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात व त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. ताणलेला हृदयस्नायू बीएनपी नावाचे संप्रेरक सोडतो. १९८८ साली जपानी संशोधकांस ते प्रथम प्राण्याच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात 'ब्रेन'चा 'बी' राहिला. त्याचा मुख्य उगम मात्र हृदयच. त्याच्या जोडीने सुटणारा एनटी-प्रोबीएनपी हा अंश रक्तात अधिक काळ टिकतो, म्हणून पुष्कळदा तोच मोजतात. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतील प्रथिन. स्नायूस इजा झाली की ते रक्तात वाढते. थोडक्यात, पहिली तपासणी ताण सांगते, दुसरी इजा.

न्यूझीलंडमधील वायकाटो रुग्णालयात अशा सुमारे २५० रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०११ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांची दोन्ही मूल्ये वाढलेली होती, त्यांच्यात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण, दोन्ही मूल्ये योग्य असलेल्यांच्या पंधरापट आढळले. इतर ज्ञात धोके जमेस धरूनही हा संबंध टिकला.

तथापि हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयाचे अनियमित ठोके यांनीही बीएनपी वाढते. स्थूल व्यक्तीत ते कमी दिसू शकते. ट्रोपोनिन वाढले म्हणजे हृदयविकाराचा झटकाच, असेही नाही. काही तासांनी ते पुन्हा मोजून चढते की स्थिर आहे हे पाहतात. ईसीजी व इको यांचीही जोड देतात.

आपल्यापैकी अनेक जण येथे एकटे राहतात. नोकरीची चिंता असते, किंवा मायदेशी जाण्याचे विमान गाठायचे असते. म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्यात: हृदयाची तपासणी झाली का? पूर्वीच्या अहवालाशी तुलना करता मूल्य वाढले आहे का? पुन्हा केव्हा दाखवावे? विमानात प्राणवायू कमी मिळतो, म्हणून प्रवासाची परवानगीही स्पष्ट घ्यावी. जुने अहवाल जपून ठेवावेत. घरी आल्यावर पुन्हा धाप वाढली, छातीत दुखले किंवा पाय सुजून श्वास जड झाला, तर वाट न पाहता ९९९ वर रुग्णवाहिका बोलवावी.

श्वास मोकळा झाला म्हणजे संकट टळलेच, असे समजू नये. हृदयाची साक्ष ऐकूनच घरी जावे. आपणां सर्वांस आरोग्य लाभो.