लहान खातेदाराचं पान

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट मला फार लवकर कळली. खातं पन्नास रुपयांचं असो की पाच लाखांचं, लेजरमध्ये पान एकच लागतं. ते लिहिणारा कारकून तोच, शाई तीच, वेळही तेवढाच. म्हणून बँकांना लहान खाती मनातून नकोशी असतात आणि ‘किमान शिल्लक’ नावाचा नियम जन्माला येतो. असाच एक नियम इंटरनेटच्या जगातही आहे. तो ज्यांना जाचतो, त्यांची तक्रार मात्र आपल्या कानांवर सहसा येत नाही.

आपण घरबसल्या परदेशातल्या नातवाशी बोलतो, ते बोलणं कुणा एका कंपनीच्या तारांवरून जात नाही. जगभरातली हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडली गेली आहेत. प्रत्येक जाळं शेजाऱ्याला सांगतं, ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचं टपाल इकडे पाठवा.’ शेजारी ते पुढच्याला सांगतो. ही सांगासांगी ज्या नियमांनी चालते, त्यांना बीजीपी म्हणतात. १९८९ साली दोघा अभियंत्यांनी त्याचा पहिला आराखडा जेवताना चक्क कागदी रुमालांवर मांडला होता! ऐकलेली प्रत्येक वाट मोठ्या राउटरना आपल्या वहीत लिहावी लागते. गठ्ठा कोटी पत्त्यांचा असो वा २५६ पत्त्यांचा, ओळ एकच. म्हणजे पुन्हा लेजरचं पान आलंच.

१९९०च्या दशकाच्या मध्यात या वह्या भराभर भरू लागल्या. तेव्हा स्प्रिंट या बड्या अमेरिकन कंपनीने, नव्याने वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांपैकी ८,१९२ पेक्षा लहान गठ्ठ्यांच्या वाटा नोंदवायचं नाकारलं. छोट्या जाळ्यांनी ओरड केली. पुढे राउटरची स्मरणशक्ती वाढली, मर्यादा सैलावली आणि २५६ पत्त्यांवर स्थिरावली. हा कुणा सरकारचा कायदा नव्हे. तो रिवाज आहे, पण पाळतात सगळे. भीतीही अगदीच खोटी नव्हती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी नोंदींनी पाच लाख बारा हजारांचा टप्पा ओलांडला आणि तेवढ्याच क्षमतेचे जुने राउटर जागोजागी कोलमडले. आज नोंदी नऊ लाखांच्या पुढे आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक २५६च्या गठ्ठ्यांच्या आहेत.

आता या नियमाची दुसरी बाजू पाहा. समजा, तालुक्याच्या गावी कुणी तरुण इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय करतो. त्याला शंभर पत्ते पुरे आहेत. पण शंभरांची हाक जग ऐकत नाही. मग तो बड्या कंपनीच्या गठ्ठ्यातले पत्ते भाड्याने घेतो. कंपनीशी बिनसलं, तर पत्ते तिथेच सोडून यावे लागतात आणि सगळी यंत्रं नव्या पत्त्यांवर बसवावी लागतात. एक तार तुटली तर दुसरी असावी, म्हणून दोन कंपन्यांकडून जोड घ्यावी, तर त्यालाही स्वतःचा, जग ऐकेल एवढा गठ्ठा लागतोच.

आणि गठ्ठे उरलेत कुठे? जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी. आरंभी ते सढळ हाताने वाटले गेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते होते! जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागात त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या सभासदाला फार तर १,०२४ पत्ते मिळू लागले, २०१९ पासून ५१२. पंगतीत उशिरा बसलेल्याच्या पानात एवढंच पडलं. नव्या पद्धतीत पत्ते अफाट आहेत, पण वाटांची वही तिथेही आहे आणि फार लहान गठ्ठे तिथेही गाळले जातात.

चाळण नसावी, असं मी म्हणणार नाही. एकाच पत्त्याच्या दोन वाटा ऐकू आल्या, तर राउटर लहान गठ्ठ्याची वाट धरतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशापुरतं बंद करण्यासाठी त्याच्याच २५६ पत्त्यांची वाट जाहीर केली. ती सीमेबाहेर गेली आणि जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासं झालं. म्हणून आता पत्त्यांच्या मालकीचे सहीशिक्क्याचे दाखले तपासले जातात. बँकेतल्या नमुना सहीसारखंच हे, आणि ते योग्यच आहे.

पण सही तपासणं वेगळं आणि रक्कम लहान म्हणून खातेदाराला दारातून परतवणं वेगळं. आपल्याकडे १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे शून्य शिल्लकेची खातीही निघाली. लहान खातेदाराच्या पानाचा खर्च सर्वांनी मिळून सोसावा, असं आपण ठरवलं. इंटरनेटला रिझर्व्ह बँक नाही. तिथे प्रत्येक बडा मालक आपल्या वहीपुरता राजा आहे. वहीची पानं वाचवायलाच हवीत. पण चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, हे ठरवताना तालुक्याच्या गावातल्या त्या मुलालाही कुणी विचारायला हवं.