यंत्राने पाहावे, निर्णयाला माणसाने उत्तरदायी राहावे

बेलव्ह्यू (वॉशिंग्टन) : थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. वळणारी मोटार आणि रस्ता ओलांडणारा पादचारी हातभर अंतराने बचावतात, क्षणभर छातीत धडधडते आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. पोलिसांच्या कागदांवर येते ती प्रत्यक्ष धडक. एखादा चौक धोकादायक आहे हे सिद्ध होण्यासाठी आधी कोणीतरी जखमी व्हावे लागते, असा त्याचा अर्थ.

सिएटलसमोर, लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावर वसलेल्या सुमारे दीड लाख वस्तीच्या बेलव्ह्यूने हा क्रम उलटवण्याचा प्रयत्न केला. रस्त्यांवरील मृत्यू आणि गंभीर दुखापती २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट नगरपरिषदेने २०१५ मध्ये स्वीकारले. पुढे वाहतूक विभागाने मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्याबरोबर चित्रफितींच्या विश्लेषणावर काम सुरू केले. २०१९ मध्ये ४० चौकांतील, आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा अभ्यास झाला. त्यात ८० लाखांहून अधिक वाहने, सायकलस्वार आणि पादचारी यांच्या हालचाली तपासल्या गेल्या.

यंत्र नेमके काय करते?

संगणक प्रणाली मोटार, सायकल, पादचारी असे प्रकार ओळखते, प्रत्येकाचा मार्ग आणि वेग मोजते. एक जण ज्या बिंदूवरून गेला, तेथे दुसरा किती सेकंदांनी पोहोचला, हे ती पाहते. हे अंतर अगदी अल्प असेल तर तो प्रसंग ‘टळलेला अपघात’ म्हणून नोंदवला जातो. अशा नोंदी एकाच ठिकाणी साचू लागल्या की अभियंता तेथे लक्ष घालतो. सिग्नलची वेळ बदलणे, डावीकडे वळण्यासाठी स्वतंत्र बाण देणे, पादचाऱ्याला वाहनांच्या काही सेकंद आधी हिरवा दिवा देणे, असे साधे उपाय यातून निघू शकतात.

नागपूरमध्येही या विचाराचे भावंड आहे. २०२१ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसवून, पुढे अपघातप्रवण होऊ शकतील अशा जागा आधीच हुडकण्याचे काम हाती घेतले गेले.

जबाबदारीची रेघ कोठे?

या दोन्ही उदाहरणांत यंत्राचे निष्कर्ष जागेविषयी आहेत. निष्कर्ष चुकला तर अभियंता चित्रण पुन्हा पाहतो. कोणा नागरिकाचे नुकसान होत नाही. हेच तंत्र व्यक्तीविषयी निर्णय देऊ लागले की चित्र बदलते. तेलंगणात संगणकीय पडताळणीच्या आधारे लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या. घरी जाऊन खातरजमा न करता हे घडल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने सुमारे १९ लाख प्रकरणांच्या प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश दिला. तोवर ज्यांचे धान्य बंद होते, त्यांना यंत्राची चूक दाखवायला कोणती खिडकी होती?

वॉशिंग्टन राज्याने हा प्रश्न चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींपुरता कायद्यात आणला. २०२० मध्ये संमत होऊन जुलै २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, अशी प्रणाली वापरण्यापूर्वी शासकीय यंत्रणेला जाहीर अहवाल मांडून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. नागरिकावर कायदेशीर परिणाम करणाऱ्या निर्णयाची माणसाकडून खरी तपासणी व्हावी लागते. केवळ यंत्राने चेहरा जुळवला म्हणून अटकेचे कारण उभे राहत नाही. बेलव्ह्यू ज्या किंग काउंटीत आहे, तिने २०२१ मध्ये आपल्या प्रशासनापुरती ही प्रणाली वर्ज्यच केली. तो निर्णय काउंटीच्या विभागांना लागू आहे. बेलव्ह्यूच्या शहर पोलिसांना राज्याचा कायदा लागू होतो.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. पोलिसांना तपासात साहाय्य करणारी ‘महाक्राइमओएस’ प्रणाली नागपूरच्या २३ ठाण्यांतील वापरानंतर राज्यातील सर्व १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. तिच्यामागील तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे बेलव्ह्यूला लागून असलेल्या रेडमंडमधील कंपनीचे. या परिसरातील अनेक मराठी घरांची रोजीरोटी याच उद्योगावर चालते. आपण इथे घडवतो ते तिकडे आपल्याच आप्तांच्या तक्रार अर्जाला लागू होते.

म्हणून कोणत्याही नव्या प्रणालीच्या उद्घाटनावेळी चार प्रश्न विचारले पाहिजेत. ती जागा तपासते की माणूस? चूक झाली तर झळ कोणाला बसेल? अंतिम स्वाक्षरी कोणत्या अधिकाऱ्याची? आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे, किती दिवसांत मागता येईल? बेलव्ह्यूच्या चौकांत यांची उत्तरे सोपी होती. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन आणि पोलीस ठाणे येथे ती सोपी नसतात, आणि ती प्रणाली सुरू होण्याआधीच लेखी मिळायला हवीत.