पेवातली हवा

एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट झाला, की 'पेव फुटले' असे आपण म्हणतो. पण 'पेव कोणी पाहिले आहे का?' असे छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या वर्गात विचारले, तर किती हात वर होतील?

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. मराठवाड्यात गावाच्या पांढरीत अशी पेवे असत. तळाला आणि बाजूंना कडबा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. टंचाई आली की पेव उघडायचे.

ही ज्वारी किडत का नसे? ज्वारीचा दाणा जिवंत असतो. तो मंद गतीने श्वसन करतो. सोंडे आणि बुरशीही श्वसन करतात. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बंद पेवात तो कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या खाली टिकून राहिला, तर बहुतेक किडे मरतात.

तीच हवा माणसालाही मारते. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. आधी कंदील सोडून पाहत. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला, की ज्योत विझते. पण ज्योत तेवत असली, तरी कार्बन डायऑक्साइड घातक प्रमाणात असू शकतो. तेव्हा कंदिलावर पूर्ण विसंबणे धोक्याचेच.

तांदळाचे काय? पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा आणि अंकुर निघून गेलेला असतो. तो जवळजवळ श्वसन करत नाही. त्यामुळे नुसते झाकून ऑक्सिजन लवकर संपत नाही. इंडोनेशियात १९८०च्या दशकात पोत्यांच्या थप्प्या प्लॅस्टिकने हवाबंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडू लागले. हा वायू वाढला, की किड्यांची श्वसनरंध्रे उघडीच राहतात आणि शरीरातले पाणी उडून जाते. धान्यात विषाचा अंश उरत नाही. मात्र याला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि आवरणाला बारीकसे भोकही चालत नाही.

हवाबंद साठवणीने ओल मात्र जात नाही. तांदळात १४ टक्क्यांहून अधिक पाणी असेल, तर आधी तो वाळवायलाच हवा. पेवातही भिंतीलगतची ज्वारी ओलीने काळी पडे, तिला आंबूस वास येई.

वर्गात करून पाहू. दोन सारख्या बाटल्यांत तांदूळ आणि सारखेच सोंडे घ्या. एक काठोकाठ भरून बूच लावा आणि वरून मेण ओता. दुसरीच्या तोंडाला फडके बांधा. काही आठवड्यांनी दोन्हींतले जिवंत किडे मोजा. बंद बाटली अर्धीच भरली असती, तर काय झाले असते? उत्तर आधी विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.