संधिवाताची गोळी आणि विषाणूचा दाह

२०२०च्या उन्हाळ्यात, रावेर-यावलच्या केळीबागांवरून झळा वाहत असताना, जळगाव जिल्ह्यातील करोनाबाधितांचे मृत्युप्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे गेले होते. आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक डॉक्टरपुढे एकच प्रश्न उभा होता, की ज्या रोगावर औषधच नाही, त्याच्या रुग्णाला द्यावे तरी काय? नवे औषध सिद्ध होण्यास एक तप सहज लागते. म्हणून जगभरच्या संशोधकांनी जुन्या औषधांचे दप्तर उघडले, आणि त्यात त्यांना सापडली बॅरिसिटिनिब ही संधिवाताची गोळी.

पेशीच्या कारभारात कायनेज नावाची विकरे एका प्रथिनावर फॉस्फेटची मोहोर उमटवतात, आणि मोहोर उमटली की हुकुमाची अंमलबजावणी सुरू होते. दाह वाढवणारे इंटरल्यूकिन-६ सारखे रेणू पेशीच्या बाहेरील ग्राहकाला येऊन चिकटले, की आतल्या बाजूस असलेली जेक कायनेजे तो निरोप केंद्रकापर्यंत पोचवतात. बॅरिसिटिनिब जेक-१ आणि जेक-२ यांचा हात धरते. २०२०च्या फेब्रुवारीत लंडनच्या बेनेव्हलंटएआय या संस्थेतील संशोधकांनी, संगणकाच्या साह्याने, 'लॅन्सेट'मध्ये याहून वेगळे अनुमान मांडले: विषाणूला पेशीत शिरण्यास उपयोगी पडणाऱ्या एएके-१ या कायनेजलाही ही गोळी अडवत असावी. तथापि रुग्णाला लाभ झाला तो मुख्यत्वे दाह शमल्यामुळे, असेच आज मानले जाते.

विषाणूशी लढणारे इंटरफेरॉनही याच जेकमार्फत आपला निरोप धाडते. म्हणून आजाराच्या आरंभी, जेव्हा शरीराला स्वतःच्या शिबंदीची नितांत गरज असते, तेव्हा ही गोळी देणे अपायकारक ठरू शकते. पण फुप्फुसांत दाहाचा वणवा पेटून प्राणवायू लागू लागला, की तीच गोळी जीव वाचवते. हा विवेक चाचण्यांनी शिकवला. सुमारे दीड हजार रुग्णांच्या कोव्ह-बॅरियर चाचणीत २८ दिवसांतील मृत्यू १३ टक्क्यांवरून ८ वर आले. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, आठ हजारांहून अधिक रुग्णांत, फरक १४ आणि १२ टक्के इतकाच दिसला. दुसरा आकडा लहान असला तरी माझ्या मते अधिक विश्वसनीय आहे, कारण तो कितीतरी अधिक रुग्णांवरून आलेला आहे. जानेवारी २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी या गोळीची ठाम शिफारस केली. मात्रा दिवसाला ४ मिलिग्रॅम, १४ दिवसांपर्यंत. कृत्रिम श्वसनावरील रुग्णास पाण्यात विरघळवून नळीवाटे.

भारतात मे २०२१च्या आरंभी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, तिला आपत्कालीन परवाना मिळाला, आणि सिप्ला, सन, ल्युपिन या मुंबईच्या कंपन्यांना मूळ कंपनीने स्वामित्वशुल्काविना उत्पादनाची मुभा दिली. त्यापूर्वी रेमडेसिव्हिर या इंजेक्शनसाठीच्या रांगांत नातेवाईकांनी घालवलेल्या रात्री मात्र परत येणाऱ्या नव्हत्या.

आता वाचकांस एक कळकळीची विनंती. ही गोळी घरात संधिवातासाठी असेल, तर साध्या तापात वा शेजाऱ्याच्या सल्ल्याने ती कोणाला देऊ नका. पूर्वी क्षय किंवा नागीण झालेली असेल, पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, अथवा मूत्रपिंडे दुर्बल असतील, तर ते डॉक्टरांना गोळी सुरू होण्यापूर्वीच सांगा.